ईस्टरला इटलीत जा, पण यादी अर्धी करा

पत्र : आम्ही दोघं डोंबिवलीला राहतो, साठी ओलांडलेली. मुलगी मिलानला शिकते. २०२७ च्या ईस्टरला तिला सुट्टी आहे, म्हणून २३ मार्च ते २ एप्रिल तिकडे जायचं घाटतंय. तिने एक्सेलमध्ये सगळा कार्यक्रम मांडलाय : रोम, अमाल्फी, पिसा, फ्लोरेन्स, व्हेनिस, मिलान. ईस्टरच्या रविवारी सकाळी पोपना पाहायचं आणि दुपारी व्हॅटिकन म्युझियम, कारण महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते फुकट असतं. माझे गुडघे दुखतात, पण किती ते मी तिला सांगितलेलं नाही. पोरगी इतक्या हौसेने करतेय, मोडता कसा घालू? भावजय म्हणते, ईस्टरला तिकडे सगळं बंद, मे महिन्यात जा. आम्ही शाकाहारी आहोत, केकमधलं अंडं चालतं. शेजारच्या वसईच्या मावशींनी पोपच्या आशीर्वादाची जपमाळ मागितली आहे, तेही एक आहेच. काय करू?
– एक वाचक, डोंबिवली

प्रिय ताई,

भावजयींचं आधी मिटवू या. ईस्टरला इटलीत सगळं बंद असतं ही अर्धवट माहिती आहे. गंमत बघा, गुड फ्रायडेला आपल्याकडे बँका बंद असतात आणि इटलीत तो चक्क कामाचा दिवस असतो. सुट्टी असते ती ईस्टरच्या रविवारची आणि दुसऱ्या दिवशीच्या सोमवारची. त्या सोमवाराला ते पास्क्वेत्ता म्हणतात. या दोन दिवसांतही कोलोसियम उघडं असतं, रविवारी फ्लोरेन्सचं उफ्फिझी हे चित्रसंग्रहालय उघडं असतं, रेल्वे धावत असते. बंद असतात ती वाणसामानाची दुकानं, बरीचशी घरगुती हॉटेलं आणि नेमकं व्हॅटिकन म्युझियम.

लेकीच्या एक्सेलला पहिला सुरुंग इथेच लागतो. महिन्याचा शेवटचा रविवार फुकट, हे तिने बरोबर वाचलंय. पण २०२७ चा ईस्टर २८ मार्चला आहे आणि तोच मार्चचा शेवटचा रविवार. ईस्टर आला की फुकटचा रविवार रद्द. म्युझियम त्या दिवशीही बंद आणि सोमवारीही बंद. भर म्हणून त्याच पहाटे युरोपातली घड्याळं तासभर पुढे जातात : रात्रीचे दोन वाजले की एकदम तीन. मोबाइल आपोआप बदलतो, तुमच्या यजमानांचं हातातलं घड्याळ बदलणार नाही. डोंबिवलीला फोन करतानाही लक्षात ठेवा, शनिवारपर्यंत साडेचार तासांचा फरक असेल आणि रविवारपासून साडेतीन.

आता खरं दुखणं. अकरा दिवसांत सहा ठिकाणं म्हणजे दर दीड-दोन दिवसांनी बॅगा भरा, स्टेशन गाठा, नवं हॉटेल शोधा. पंचविशीत हे जमतं. शिवाय ईस्टरच्या चार-पाच दिवसांत इटालियन माणूस स्वतःच घराबाहेर पडलेला असतो. त्यांच्यात म्हणच आहे, नाताळ घरच्यांबरोबर आणि ईस्टर हवं त्याच्याबरोबर. सगळा देश हलत असताना आपणही रोज हलायचं, यात काही मजा नाही. माझं मत सरळ आहे : गुरुवार ते सोमवार मुक्काम फक्त दोन शहरांत, रोम आणि फ्लोरेन्स. व्हेनिस सणानंतर. अमाल्फी या खेपेला नाही. रोमहून तिथे जायचं म्हणजे आधी दक्षिणेत सालेर्नोपर्यंत रेल्वे, मग डोंगरकड्यावरून वळणावळणाची बस नाहीतर बोट, आणि सणाच्या दिवसांत त्याच एका चिंचोळ्या रस्त्यावर अख्ख्या नेपल्सच्या गाड्या. ते गाव पुढच्या फेरीला ठेवा.

आणि गुडघ्यांचं लेकीला आजच सांगा. तिकिटं काढायच्या आधी सांगितलंत तर ती कार्यक्रम बदलेल. फ्लोरेन्सच्या चौकात सांगितलंत तर ती रडेल, तुम्ही वेदनाशामक गोळी घ्याल आणि उरलेले दिवस दोघीही एकमेकींना “मी ठीक आहे” म्हणत फिराल. मोघम “थोडं दुखतं” असं सांगू नका. आकड्यात सांगा : सलग किती मिनिटं चालता येतं, किती जिने चढता येतात, उतरताना त्रास होतो की चढताना. मग तीही आकड्यात उत्तर देईल. व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर चर्चच्या घुमटाला ५५१ पायऱ्या आहेत. लिफ्ट घेतली तरी ३२० उरतात. फ्लोरेन्सच्या मुख्य चर्चच्या घुमटाला ४६३, तिथे लिफ्टच नाही. शेजारच्या मनोऱ्याला ४१४. या तिन्ही ठिकाणी लेक आणि बाबा वर जाऊ देत, तुम्ही खाली कॉफी घ्या. कोलोसियममध्ये मात्र लिफ्ट आहे. रोमचे रस्ते हा वेगळाच छळ आहे. छोट्या काळ्या दगडी चिरांची फरसबंदी, चिरांमध्ये फटी, पाऊस पडला की निसरडं. नवे बूट तिथे जाऊन घालायचे नाहीत, दोन महिने डोंबिवलीत वापरून मळवून न्यायचे.

रोममध्ये मंगळवारी २३ तारखेला पोचलात की विश्रांती. बुधवारी पोप. इथे मी लेकीच्या बेताच्या उलट जातोय, कारणासकट सांगतो. रविवारच्या सकाळच्या मिस्सेला, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला, सेंट पीटरच्या चौकात जागा हवी तर भल्या पहाटे रांग, मग दुपारी बारापर्यंत ताटकळणं. बाराला पोप चर्चच्या मधल्या सज्जात येतात आणि शहराला व जगाला आशीर्वाद देतात, तो ‘उर्बी एत ओर्बी’. भाविकासाठी त्या ताटकळण्याला अर्थ आहे. तुम्हाला पोप पाहायचे आहेत, तर ते बुधवारी जास्त जवळून दिसतात. पोप रोममध्ये असले की बुधवारी सकाळी त्यांची सर्वांसाठी भेट असते. उघड्या गाडीतून ते चौकातल्या वाटांवरून फिरतात आणि बसायला खुर्च्या असतात. पास फुकट. रविवारच्या मिस्सेचाही फुकटच. हे पास व्हॅटिकनचं कार्यालय देतं, लेकीला आधी अर्ज करू दे. कुणी पासचे पैसे मागितले तर समजा, माणूस ठकसेन आहे.

मावशींची जपमाळही तेव्हाच होईल. चौकासमोरच्या व्हिया देल्ला कोंचिलियात्सियोने रस्त्यावर दुकानंच दुकानं आहेत, तिथून आदल्या दिवशी घ्या आणि बुधवारी हातात किंवा पर्समध्ये ठेवा. शेवटी पोप आशीर्वाद देतात तो जमलेल्यांना, त्यांच्या घरच्यांना आणि त्यांनी बरोबर आणलेल्या धार्मिक वस्तूंनाही असतो. वेगळं काही करावं लागत नाही. एकीऐवजी चार-पाच घ्या. वसईच्या मावशींना बहिणी असतातच.

गुरुवारी सकाळी व्हॅटिकन म्युझियम, तिकीट आधीच काढलेलं असावं, नाहीतर रांग भिंतीला वळसा घालून जाते. सिस्टाईन चॅपल अगदी शेवटी येतं. तिथपर्यंत लांबलचक दालनं चालावी लागतात, म्हणून सुरुवातीला सगळं बघत बसू नका. दुपारी झोप. संध्याकाळी मात्र बाहेर पडा, कारण ही एक संध्याकाळ रोम पर्यटकांना सहसा दाखवत नाही. पवित्र गुरुवारच्या मिस्सेनंतर चर्चमध्ये परमप्रसाद, म्हणजे मिस्सेतली अभिमंत्रित भाकर, एका बाजूच्या वेदीवर नेऊन ठेवतात, तिथे फुलं आणि मेणबत्त्यांची आरास असते, आणि रोमकर रात्री उशिरापर्यंत या चर्चमधून त्या चर्चमध्ये जात राहतात. हौशी लोक सात चर्च करतात. तुम्ही पिआत्सा नावोना या चौकाच्या आसपासची दोन-तीन करा. तिकीट नाही, रांग नाही. बाकावर जरा वेळ बसायचं, कोपऱ्यातली म्हातारी माणसं पुटपुटत असतात ते ऐकायचं. गुरुवारच्या मिस्सेनंतर शनिवारी रात्रीपर्यंत चर्चच्या घंटाही वाजत नाहीत. ज्या शहरात एरवी दर तासाला कुठली ना कुठली घंटा चालू असते, तिथे ती शांतता कानाला जाणवते.

त्याच भागात सान लुईजी देई फ्रांचेझी नावाचं चर्च आहे. तिथे काराव्हाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं आहेत, प्रवेश फुकट. चित्रं अंधाऱ्या कोनाड्यात आणि दिव्याला नाण्याची पेटी. नाणं टाकलं की दिवा लागतो, थोड्या वेळाने खटकन विझतो. मग पंधरा-वीस माणसं अंधारात उभी राहून दुसरा कुणीतरी नाणं टाकेल याची वाट बघतात. तुम्ही टाका. उजव्या बाजूने तिरपा उजेड आत येतो, येशूचा हात पुढे झालेला आणि जकात मोजत बसलेला मॅथ्यू “मी?” असं विचारतोय. शेकडो वर्षांपूर्वीचं चित्र, पण सरकारी कचेरीत अचानक नाव पुकारलं गेलेल्या माणसाचा चेहरा आहे तो. हे मात्र गुरुवारी दिवसा किंवा मंगळवारी बघा. मिस्सा चालू असताना चित्रं बघत फिरू देत नाहीत आणि दुपारीही चर्च काही वेळ बंद असतं.

शुक्रवारी कोलोसियम सकाळच्या पहिल्या वेळेत. त्या दिवशी ते लवकर बंद करतात, कारण रात्री सव्वानऊला तिथेच क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासाची प्रार्थना, होते. ही प्रथा तिथे पोप सहावे पॉल यांनी १९६४ साली पुन्हा सुरू केली. चौदा टप्पे, प्रत्येक टप्प्यावर वाचन, हजारो मेणबत्त्या. गोव्यातली किंवा वसईतली गुड फ्रायडेची मिरवणूक पाहिली असेल तर क्रम ओळखीचा वाटेल. उभं राहणं तासा-दीड तासाचं आहे आणि जवळचं मेट्रो स्टेशन बंद ठेवतात, म्हणून हा निर्णय गुडघ्यांवर सोडा. हॉटेलातल्या टीव्हीवर थेट दाखवतात. कोलोसियमच्या तिकिटावर नाव असतं आणि ते पासपोर्टशी जुळावं लागतं. तिकिटं साधारण महिनाभर आधी खुली होतात आणि सणाच्या दिवसांची भराभर संपतात.

शनिवारी दीड तासाच्या गाडीने फ्लोरेन्स. उफ्फिझी त्याच दुपारी करून टाका. रविवार वेगळ्या गोष्टीसाठी राखून ठेवायचा आहे.

माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रवासातला हा सर्वांत चांगला दिवस असेल. फ्लोरेन्समध्ये ईस्टरच्या सकाळी स्कोप्पियो देल कार्रो होतो, म्हणजे चक्क गाड्याचा धडाका. दोन-तीन मजली उंच, नक्षीदार लाकडी गाडा, त्याला लोक लाडाने ब्रिंदेल्लोने म्हणतात. किआना खोऱ्यातले पांढरेशुभ्र धिप्पाड बैल तो ओढतात, गळ्यात आणि शिंगांवर फुलं. पुढे ढोल, कर्णे, मध्ययुगीन पोशाखातली माणसं आणि झेंडे हवेत उंच फेकून झेलणारी मुलं. गाडा इल प्रातो भागातून निघतो आणि मुख्य चर्च व बाप्तिस्मागृह यांच्या मधल्या चौकात येऊन थांबतो. बैल सोडतात. आत वेदीपासून बाहेर गाड्यापर्यंत तार बांधलेली असते. अकराच्या सुमाराला मिस्सेत ‘ग्लोरिया’ हे स्तोत्र सुरू झालं की कबुतराच्या आकाराचं रॉकेट त्या तारेवरून सुंऽऽ करत चर्चच्या दारातून बाहेर येतं, गाड्याला भिडतं, पेटवतं आणि त्याच तारेवरून परत आत जातं. मग घंटा, धूर, भुईनळे, चक्रं, भर उन्हात. सगळ्या घंटा एकदम सुटतात, तो आवाज फटाक्यांपेक्षा मोठा वाटतो.

यामागची कथा अशी : १०९९ साली पहिल्या धर्मयुद्धात जेरुसलेमच्या तटावर सर्वांत आधी चढला तो फ्लोरेन्सचा पात्सीनो दे पात्सी. बक्षीस म्हणून त्याला येशूच्या कबरीजवळचे गारगोटीचे तुकडे मिळाले. त्या गारगोट्या सांती अपोस्तोली चर्चमध्ये जपून ठेवल्या आहेत आणि ईस्टरचा अग्नी अजून त्यांच्यावर पाडतात. कथा किती खरी यावर इतिहासकार हात राखून बोलतात, फ्लोरेन्सकर अजिबात राखत नाहीत. कबुतर सरळ गेलं, गाडा पेटवून परत फिरलं, तर पीकपाणी चांगलं. अडकलं तर वर्ष वाईट. बुलढाण्याकडे अक्षय्यतृतीयेला भेंडवळची घटमांडणी होते आणि मग पेपरात पावसाचं भाकीत छापून येतं, त्याच जातीची ही गोष्ट. आज फ्लोरेन्समध्ये शेती करणारे किती असतील कोण जाणे, पण कबुतर परत आत शिरेपर्यंत चौकातला एकजण बोलत नाही.

चौकात उभं राहायचं तर नऊच्या आत जावं लागतं आणि एकदा गर्दी दाटली की बाहेर पडता येत नाही. तुमच्यासाठी दुसरी वाट सुचवतो. इल प्रातोला सकाळी गाडा बाहेर निघताना बघा, किंवा वाटेत बोर्गो ओन्यिस्सांतीच्या रस्त्यावर उभ्या राहा. तिथे माणसं कमी आणि बैल हाताच्या अंतरावरून जातात. खुरांचा दगडावरचा आवाज येतो, गाड्याची चाकं करकरतात. लेकीला हवं तर तिने पुढे चौकात जावं. तुम्ही घंटा कुठूनही ऐकाल.

सोमवार पास्क्वेत्ता. या दिवशी शहरातला माणूस डबे घेऊन माळावर जातो. तुम्ही लुक्काला जा, फ्लोरेन्सहून साध्या गाडीने सव्वा ते दीड तास. गावाभोवतीचा जुना तट शाबूत आहे, त्याची रुंदी इतकी की वर झाडांची रांग आणि सायकलवाले. चारेक किलोमीटरचा फेरा, सपाट. वाटेल तिथे बाकावर बसा आणि इटालियन कुटुंबं खाताना, भांडताना बघा. लेकीला पिसाचा मनोरा हवाच असेल तर लुक्काहून अर्ध्या तासावर आहे. साध्या गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यायला विसरू नका, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो.

मंगळवारी लेक मिलानला परत, तुम्ही दोघं व्हेनिसला, सव्वादोन तास. दोन रात्री पुरेत. सान्ता लुचिया स्टेशनला उतरा, आधीच्या मेस्त्रेला नाही. चारशेहून जास्त पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या, म्हणून हॉटेल एक नंबरच्या व्हापोरेत्तोच्या थांब्यालगतच घ्या. ही बोट मोठ्या कालव्यातून सावकाश जाते, दोन्ही बाजूंचे वाडे बसल्या जागी दिसतात. गर्दीच्या ठरावीक दिवशी दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून शहर प्रवेशशुल्क घेतं. राहणाऱ्यांना ते माफ आहे, पण माफीची नोंद ऑनलाइन करावी लागते. ती लेकीवर सोपवा. शेवटी मिलान. लिओनार्दोचं ‘अंतिम भोजन’ बघायला फक्त पंधरा मिनिटं मिळतात आणि तिकिटं फार आधी संपतात, तेव्हा तिच्या कामांच्या यादीत हे सर्वांत वर.

जेवणाचं फार मनावर घेऊ नका. इटलीत शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, फसतो मात्र. त्यांच्या लेखी मासे म्हणजे मांस नव्हे. शुक्रवारी तर मांस वर्ज्यच असतं, त्यामुळे “बिनमांसाचं” म्हटलंत की हसत हसत मासे येतील. “सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे” हे दोन्ही म्हणा. रोमला या दिवसांत पुंतारेल्ले नावाची कुरकुरीत हिरवी कोशिंबीर मिळते, तिच्यात खारवलेले बारीक मासे वाटून घातलेले असतात. सूप विचारून घ्या, पाणी मटणाचं असू शकतं. पार्मेजान आणि पेकोरीनो चीज वासराच्या किंवा कोकराच्या जठरातल्या विरजणाने बनतं. तुम्हाला ते चालत नसेल तर पिझ्झा मारिनारा मागवा, त्यात चीज नसतं. फ्लोरेन्सला पाप्पा अल पोमोदोरो खा, शिळ्या पावाचं टोमॅटो घालून केलेलं लापशीसारखं गरम प्रकरण, गुडघे दुखत असताना याहून चांगलं काही नाही. रविवारी दुपारी हॉटेलांत ठरलेली कोकराची मेजवानी असते आणि टेबलं आधी भरलेली असतात. शनिवारी संध्याकाळीच पाव, फळं, दही आणि कबुतराच्या आकाराचा कोलोंबा केक आणून ठेवा. त्यात अंडं असतं, तुम्हाला चालतंय.

कपड्यांचं एकच : चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी असेल तर प्रश्नच नाही, वर शाल घ्या. मार्चअखेरी सकाळ-संध्याकाळ चांगली थंडी असते आणि पाऊस न सांगता येतो. रोमचं टर्मिनी स्टेशन आणि व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस खिसेकापूंसाठी प्रसिद्ध आहे. पासपोर्ट आतल्या पिशवीत ठेवा.

व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी लागा. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. लेकीकडे राहणार असाल तर तिचं निमंत्रणपत्र आणि तिच्या तिथल्या राहण्याच्या परवान्याची प्रत मागवून घ्या. आणि तिच्यासाठी चकल्या, बाकरवडी, चिवडा हवा तेवढा न्या, पण पेढे, बर्फी आणि तुपाची बरणी घरीच ठेवा. बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपात बंदी आहे, विमानतळावर सापडले की सरळ काढून घेतात.